विकायची चेनसॉ

माळी जुनी चेनसॉ बघायला आला, तेव्हा आजोबांनी ती अंगणात टॉवेलवर बाळासारखी ठेवली होती. उभी हयात त्यांनी तिनेच झाडं तोडली होती. आता गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे आजींनी ती विकायला काढली होती.

माळ्याने बारकाईने पाहिलं. साखळीला ताजी धार, पातं सरळ, फिल्टर स्वच्छ. चाळीस वर्षांच्या यंत्राचे जरा जास्तच लाड झाले होते. मग त्याने सुरू करायची दोरी ओढली. एकदा, पाचदा, दहादा. यंत्र ढिम्म.

"हल्ली दगा देते हो," आजोबा म्हणाले. चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता.

माळ्याने झाकण उघडलं. प्लगची वायर कोणीतरी अलगद काढून ठेवली होती. अशाने साक्षात देवाने दोरी ओढली, तरी यंत्र सुरू होणार नव्हतं. त्याने वर पाहिलं. आजोबा ढग बघण्यात गर्क होते.

माळ्याने झाकण लावलं आणि तो दारात उभ्या असलेल्या आजींकडे वळला. "काही खरं नाही आजी. इंजिन कामातून गेलंय."

"मी म्हटलंच होतं!" आजोबांनी चेनसॉ उचलली आणि ते तरातरा आत गेले.

आजी फाटकापर्यंत सोडायला आल्या. "वायर दिसली ना?"

माळी ओशाळला. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत नसायला काय झालं? दर महिन्याला एक गिऱ्हाईक बोलावते मी. ते येणार म्हटलं की चार दिवस हे तिला घासत-पुसत बसतात. एरवी खुर्चीतून उठतच नाहीत हो."