दहा लाख नऊ

“बाकी अठरा,” खाटेवरून मास्तर म्हणाले.

लेकीनं कागदावरचा भागाकार पुन्हा पाहिला. अठराच. “जुळलं, बाबा.” तिनं पेन खाली ठेवून बोटं मोडली. कारखान्यात दिवसभर कापडावर कात्री चालवून त्यांचा आधीच भुगा झाला होता.

संख्या एकच, दहा लाख नऊ. ती मूळ आहे, एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भागली जात नाही, असा मास्तरांचा हट्ट. खात्री करायची तर हजाराच्या आतल्या सगळ्या, म्हणजे एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून पाहायचं. मास्तरांचे डोळे गेलेले, तेव्हा ते तोंडी करणार आणि ही कागदावर. दोघांची बाकी जुळली की पुढची संख्या दुसऱ्या दिवशी. रोज एकच! घाईनं गणित नासतं म्हणे. कसलं काय! साडेपाच महिने ती दोन बस बदलून येत होती. म्हाताऱ्याचा जीव रमतोय तर रमू दे, एवढंच.

वर खोटंही बोलली होती. दोनशे त्र्याण्णवच्या दिवशी मास्तर म्हणाले, “बाकी सात.” हिच्या कागदावर शून्य. तिनं तीनदा करून पाहिलं. बरोबर तीन हजार चारशे तेरा वेळा भाग जात होता. म्हणजे संख्या मूळ नव्हतीच, खेळ खलास. पण ज्यानं चाळीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या, त्याला त्याची चूक कोणत्या तोंडानं सांगायची? “जुळलं,” म्हणून ती मोकळी झाली. त्यानंतरचे एकशे सहा भागाकार तिनं फुकटचे ओढले.

आज नऊशे सत्त्याण्णव झाली, शेवटची. सुटले एकदाची, असं तिला वाटायला हवं होतं. वाटलं मात्र नाही. नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. कुलूप काढलं की घर अंगावर यायचं.

“जिंकलात, बाबा. मूळच निघाली तुमची संख्या. पण उद्यापासून मी काही रोज यायची नाही हं. दमले मी आता.”

“कसली मूळ! दोनशे त्र्याण्णवनं भाग जातो की तिला.”

“म्हणजे... तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. वर्गात पोरांना चकवायला हीच तर घालायचो मी.”

“मग मला साडेपाच महिने कशाला राबवलंत?” तिचा आवाज चढला. खरंच राग आला होता तिला.

मास्तरांनी चाचपडत तिचा हात शोधला. “संध्याकाळची तू दिवाही न लावता एकटी बसून राहतेस, असं तुझी शेजारीण सांगून गेली होती. नुसतं ‘ये’ म्हटलं असतं, तर आली असतीस का गं?”