मधली पोथी

"हळू पूस गं, बाबांचं नाक घासून निघेल," आत्या खालून ओरडली.

ग्रंथपालबाई स्टुलावर चढून आजोबांचा फोटो पुसत होत्या. फोटो वीतभर, आणि ज्या फळीवर तो चिकटवला होता ती चांगली हातभर लांब. दोन्ही बाजूंना नुसतं लाकूड.

"आत्या, फळी तरी मापाची घ्यायची ना!"

"हाताला लागली ती घेतली असेल. पुस्तकं सोडली तर बाबांना काय जमायचं? जन्मात एवढी एक वस्तू स्वतःच्या हातानं केली, आणि साध्या खिळ्यासाठी मागं भोकंच भोकं पाडून ठेवली." आत्या हसली आणि फोटोकडे बघत म्हणाली, "हा फोटो कॉलेजच्या भिंतीवर बघितला की मी मरायला मोकळी."

कॉलेजच्या वाचनालयात आजवरच्या सगळ्या प्राचार्यांचे आणि ग्रंथपालांचे फोटो होते. नव्हता तो एवढाच. आजोबा तिथं ग्रंथपाल असताना त्यांच्या ताब्यातली एक पोथी गहाळ झाली, आणि परक्यांच्या राज्यातल्या त्या कडक प्राचार्यांनी त्यांना एका दिवसात घरी बसवलं. पोलिसांत मात्र दिलं नाही.

"देईल कसा? पोथी त्यानंच ढापलेली. चोराच्या मनात चांदणं!" हे आत्याचं ठरलेलं वाक्य. ते ऐकतच नात मोठी झाली आणि हट्टानं आजोबांच्याच खुर्चीत येऊन बसली.

आता वाचनालयाच्या इतिहासाचं प्रदर्शन भरायचं होतं. मूळची ही पाठशाळा. तिथं पोथ्या खाली एक, वर एक अशा लाकडी फळ्यांत दाबून, एकीवर एक रचून कापडाच्या बासनात बांधायच्या. वाचायची ती तिथंच बसून, घरी न्यायची बातच नाही. मग परके आले, पाठशाळेचं कॉलेज झालं, छापील पुस्तकं आणि लोखंडी कपाटं आली. पोथ्यांना कोण विचारतो! बासनं गेली कोपऱ्यात.

घरात जुनं काही असेल तर प्रदर्शनाला द्या, असं बाईंनी गावभर सांगितलं होतं. एके दिवशी त्या कडक प्राचार्यांचा नातू वाचनालयाच्या दारात उभा राहिला. पेशानं वकील, पण बोलणं अगदी मऊ.

"आजोबांच्या कुलपातली पोथी आहे. मला तर यातलं अक्षर लागत नाही. ते म्हणायचे, या कपाटात एका माणसाची अब्रू ठेवलीय, हात लावू नका."

बाईंनी पोथी उलटसुलट केली. खाली जुनी फळी, वरच्या फळीच्या जागी नुसता साधा पुठ्ठा. आणि पानापानांतून आरपार गेलेली तीन भोकं, चुलीच्या तीन दगडांसारखी मांडलेली.

ही मांडणी त्यांनी कुठंतरी पाहिली होती. कुठं बरं? त्या उठल्या, कोपऱ्यातलं एक बासन ओढून काढलं आणि गाठ सोडली. वरच्या पोथीला तीच तीन भोकं. खालच्या पोथीला तीच तीन भोकं.

"किड्याला विषयाचं काय हो!" बाई म्हणाल्या. "एकदा तोंड लावलं की व्याकरणातून वैद्यकात, कागदातून लाकडात, सरळ पोखरत जातो."

त्यांनी पुठ्ठा काढून वकिलांची पोथी त्या दोघींच्या मध्ये ठेवली, टेबलावरची स्वेटर विणायची सुई उचलली आणि भोकात सोडली. सुई तिन्ही पोथ्यांतून निघून खालच्या टेबलाला टेकली. दुसऱ्या भोकातून टेकली. तिसऱ्यातूनही.

वकिलांचा चेहरा उतरला.

"अब्रू कुणाची होती ते कळलं आता," बाई म्हणाल्या.

"माझे आजोबा तसे नव्हते हो."

"माझेही नव्हते."

संचालक मंडळानं सुई स्वतः घालून पाहिली. मग वाद कसला! ठरलं, की प्राचार्यांचा फोटो काढायचा आणि त्याच खिळ्यावर आजोबांचा लावायचा. तोही प्रदर्शनाच्या दिवशी, चारचौघांदेखत. बाई घरी जाऊन आत्याच्या गळ्यात पडल्या आणि दोघी पोटभर रडल्या.

त्या दिवशी वाचनालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर तिन्ही पोथ्या एकीवर एक मांडल्या होत्या आणि भोकांतून लाल दोरे ओवले होते. जो तो वाकून बघत होता, कुतूहलानं दोरा ओढत होता. "वा रे किड्या, काय साक्ष दिलीस!" एक म्हातारे प्राध्यापक म्हणाले, तेव्हा सगळे खळखळून हसले.

वकीलही आले होते. शिपायानं शिडीवर चढून त्यांच्या आजोबांचा फोटो उतरवला. वकिलांनी तो काखेत मारला आणि दाराशी जाऊन उभे राहिले. बाईंना क्षणभर वाईट वाटलं. पण समोर पहिल्या रांगेत आत्या बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, फोटो चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन. सकाळी भिंतीवरून तिनंच तो उतरवला होता, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

"दे आत्या," बाई म्हणाल्या.

आत्यानं चादर सोडली आणि फळी शिपायाकडे दिली. टाळ्या सुरू झाल्या. शिपाई शिडीवर चढला, खिळ्याचा अंदाज घेतला आणि फळी उलटी करून लोकांपुढे धरली.

"बाई, हिला मागं तीन भोकं आहेत, चुलीच्या दगडांसारखी. खिळा कुठल्यात घालू?"