संघभावना

नायगावच्या त्या कबड्डी संघात सराव संपला की मैदानामागे गांजा फिरायचा. हितेंद्र एक झुरकाही घेत नसे. पण "अरे, टीम म्हणून तरी बस ना आमच्यात!" असं कप्तान तुषार म्हणायचा, म्हणून बिचारा धूर चुकवत बसायचा.

एकदा तिथे पोलीस आले. अख्ख्या मोसमात कुणाच्याही पकडीतून न सुटलेले बाकीचे सहाही जण क्षणात निसटले. आपण काही केलंच नाही तर पळायचं कशाला, म्हणून हितेंद्र तेवढा बसून राहिला. तपासणीत काहीच निघालं नाही, तेव्हा पोलिसांनी त्याला सोडून दिलं.

रविवारी संघाने त्याला बैठकीला बोलावलं.



"सॉरी हित्या, पण गर्दुल्ल्यांना आपल्या टीममध्ये जागा नाही," तुषार गंभीरपणे म्हणाला, आणि सहाच्या सहा हात वर गेले.