पाणवेशीतला जीवखडा

मच्छिंद्र सकाळी बुरुडगाव रस्त्याच्या वळणावर आला, तेव्हा पाणवेस पडलेली होती. डावा बुरूज तेवढा उभा होता. कमान, तिच्यावरून गेलेला जुना पाण्याचा पाट आणि उजवा बुरूज यांचा ढीग झाला होता. ढिगावर जेसीबी चढला होता.

उजव्या बुरुजात एक कोनाडा होता. त्या कोनाड्यात त्याच्या बायकोचा जीवखडा होता.

रंगुबाईची तिरडी वेशीखाली विसाव्याला टेकवली, तेव्हा तिथलाच एक दगड उचलून जीवखडा केला होता. अमरधामात सरणाभोवती फिरताना त्याच दगडानं मडक्याला भोकं पाडली. दहाव्याला पिंडाबरोबर तो लागतो, तोवर घरात आणत नाहीत. भावकीतले म्हणाले होते, अमरधामातल्या पिंपळाला बांधून ठेव. मच्छिंद्र म्हणाला, "फांदीचा काय भरवसा? वेस कुठं जातीया?" मयताच्या कापडाच्या पट्टीत बांधून त्यानं खडा कोनाड्यात ठेवला होता.

"थांबव!" तो खालून ओरडला.

जेसीबीवाल्या गोरक्षनाथानं मान बाहेर काढली. "बाबा, सरका तिकडं. दगड निसटला तर पाय जाईल."

"कोनाड्यात माझा खडा हाय."

"खडा? हिऱ्याचा हाय का काय?"

कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान असलेला खाजाभाई हातातली ट्यूब टाकून पळत आला. "हसू नको रे. भाभीचा जीवखडा हाय त्यो. उद्या दहावा हाय त्यांचा."

गोरक्षनाथानं मशीन थांबवलं. "मला काय म्हाईत? एक डंपर तर गेला पन भरून. सावेडीला, प्लॉटात भर टाकायला."

"कोनाडा त्यात गेला?"

"वरवरचं गेलंय. खालचं हितंच असंल. पन हुडकायचं तर लवकर हुडका. साहेब सारखा फोन करतोय. दुपारच्या आत रस्ता मोकळा पायजे त्याला."

मच्छिंद्र गुडघ्यांवर बसला आणि हातांनी चुना-माती उकरू लागला. खाजाभाई दुसऱ्या बाजूनं दगड बाजूला टाकू लागला. बऱ्याच वेळानं खाजाभाईच्या हाताला कापड लागलं. पांढरी पट्टी होती. गाठीपाशी फाटली होती, आत काही नव्हतं. तिच्या आजूबाजूला काळे दगडच दगड होते.

"हितंच असनार," खाजाभाई एक दगड पुढं करत म्हणाला. "ह्यो बघा."

मच्छिंद्रानं तो मुठीत घेतला. दाबला. खाली ठेवला. दुसरा घेतला. अमरधामापासून वेशीपर्यंत त्यानं खडा मुठीतच आणला होता. हाताला ओळख पटेल असं त्याला वाटलं होतं. सगळे काळेच होते, सगळे मुठीत बसत होते.

गोरक्षनाथ खाली उतरून जवळ आला. "बाबा, राग नका मानू. तवा बी हितलाच उचलला व्हता ना? आता बी हितलाच घ्या की एखादा. काकूंना चालंल."

"तिला चालंल रे," मच्छिंद्र म्हणाला. "तिला कायबी चालायचं."

खाजाभाईनं मान फिरवली.

गोरक्षनाथाचा फोन वाजला. "व्हय साहेब," तो म्हणाला. "व्हय, भरतोच." तो वर चढला आणि त्यानं मशीन चालू केलं. डंपर मागं मागं येऊन ढिगाला टेकला. बकेट उचललं गेलं, मच्छिंद्राच्या डोक्यावर आलं आणि तिथंच थांबलं.

"मच्छिंद्रभाऊ, उठा," खाजाभाई त्याच्या दंडाला धरून म्हणाला.

मच्छिंद्र उठला नाही. त्याच्या दोन्ही मुठींत दोन दगड होते. त्यातला एकही त्यानं टाकला नव्हता. उद्या सकाळी अमरधामात भावकी जमणार होती, आणि खडा अजून निवडायचा होता.