खातेदाराचा चेहरा

ॲपने दुसऱ्यांदा नकार दिला, तेव्हा तिने नवऱ्याची दाढी करायला घेतली.

"चेहरा ओळखता आला नाही," असं लिहून आलं होतं. त्यात ॲपची काही चूक नव्हती. खातं उघडतानाच्या फोटोत तो गुळगुळीत गालांचा, टाय लावलेला, जग जिंकायला निघालेला होता. तो आणि दोन्ही बाजूंना उशांचा टेकू देऊन बसवलेला हा माणूस, यांचा मेळ तिला स्वतःलाही रोज नव्याने घालावा लागे.

मेंदूत रक्तस्राव झाल्याला आठ महिने झाले होते. डोळे उघडे असत, पापण्या लवत, नळीतून अन्न जाई. आत कुणी नाही, हे डॉक्टरांनी जरा सभ्य शब्दांत सांगितलं होतं.

औषधांच्या बाटल्यांना टेकवून ठेवलेल्या तिच्या फोनमधून दीर बोलत होता. तिकडे, मायदेशी, दुपारचा एक वाजत आला होता. इकडे छोटीचं सकाळचं दूधही व्हायचं होतं.

"वहिनी, झालं का?"

"साबण लावतेय."

"तीनला सगळं विकून मोकळे होतील ते."

"माहितेय, भावजी. दर पाच मिनिटांनी सांगू नका."

आजारी पडण्याआधी नवऱ्याने शेअर घेतले होते, त्यातले निम्मे दलाल कंपनीच्या उसन्या पैशांवर. भाव कोसळले. आज तीनच्या आत खात्यात भर घातली नाही, तर कंपनी मिळेल त्या किमतीला सगळे शेअर विकणार होती. सहा वर्षं परदेशात राबून जमवलेलं जवळजवळ सगळं त्यातच होतं. भरायचे पैसे तिने उरलेली ठेव मोडून उभे केले होते, ते त्याच्या बँकेत पडूनही होते. घोडं अडलं होतं शेवटच्या पायरीवर. परदेशात राहणाऱ्या खातेदाराने वर्षातून एकदा बँकेच्या ॲपवर कॅमेऱ्यापुढे आपला जिवंत चेहरा दाखवायचा, मगच पैसे पुढे सरकणार. दिराच्या खात्यातून भरलेले चालत नव्हते, तिच्याही नाही. आणि खातेदाराची अवस्था कळवली असती, तर खातंच गोठलं असतं.

"पण डोळे मिटायला वगैरे सांगतात म्हणे," दीर म्हणाला.

"लवतातच की पापण्या त्याच्या. नेमक्या वेळी लवल्या की झालं. लॉटरी लावायची, दुसरं काय."

छोटी बिस्किटाचा पुडा छातीशी धरून आली. "बाबा हो म्हणाला."

"तुझा बाबा सगळ्यालाच हो म्हणतो."

"नाही. चॉकलेटला नाही म्हणाला."

"शहाणा आहे मग." तिने दोन बिस्किटं काढून दिली आणि तिला बाहेरच्या खोलीत पिटाळलं.

वस्तरा हनुवटीखालून फिरवताना तिने त्याचं डोकं तळहातावर तोललं. जड होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर बदलायची, नळी धुवायची. सलग झोप म्हणजे काय, हे ती विसरून गेली होती.

"वहिनी, एक बोलू? पैसे सुटले की दादाला इकडे आणू. एखाद्या संस्थेत ठेवू. तुम्ही छोटीला घेऊन तिथेच राहा. तुमचं वय ते काय."

"त्याच्यासमोर नको ना."

"त्याला काय कळतंय? भिंतीसमोर बोलल्यासारखंच आहे ते."

तिने वस्तरा पाण्यात बुडवला. केस पाण्यावर तरंगले.

"मी बोललेय संस्थेशी," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात जागा होतेय. तिकिटंही बघून ठेवलीत. माझं नि छोटीचं जाऊन-येऊन, त्याचं एकेरी."

दिराला बहुधा तिची समजूत घालायची होती, आणि आता घालायला समजूतच उरली नव्हती.

"खरं सांगू, भावजी? त्या दिवशी रुग्णवाहिकेला अजून दहा मिनिटं लागायला हवी होती. सुटला असता तो. मीही सुटले असते."

"असं बोलू नये, वहिनी."

"तुम्हीच म्हणालात ना, भिंत आहे."

तिने ओल्या फडक्याने चेहरा पुसला, भांग पाडला, सदऱ्याची कॉलर सरळ केली. दिवा जवळ ओढला. मग त्याचा फोन दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरला आणि वरून वाकून पडद्यात डोकावत राहिली.

तिसरी खेप. चेहऱ्याभोवतीचं वर्तुळ हिरवं झालं. दाढी कामी आली.

"दोनदा डोळे मिटा," ॲपमधली बाई गोड आवाजात म्हणाली.

पापण्या लवल्या. पुन्हा लवल्या. बरोबरची खूण उमटली.

"लागली लॉटरी," ती पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"थांबा, भावजी."

"आता वर पाहा."

तिचे खांदे उतरले. हे काही नशिबाने जमणारं नव्हतं. सगळं पहिल्यापासून करायला तिने अंगठा उचलला, तोच दुसरी खूण उमटली.

"आता खाली पाहा."

तिसरी.

"आता तीनदा डोळे मिटा."

एक. दोन. तीन. आणि मग डोळे उघडे राहिले, पुढच्या सूचनेची वाट बघत असल्यासारखे.

"पडताळणी पूर्ण झाली. धन्यवाद."

"झालं?" दिराचा आवाज सैल झाला. "सुटलो बाबा. वहिनी, आता ते एकेरी तिकीट घेऊन टाका. वहिनी? ऐकताय ना?"

तिने फोन हळूहळू खाली घेतला. पलीकडून नवरा थेट तिच्या डोळ्यांत पाहत होता.