मनगटावरचा थेंब

बाळासाठी बाटल्या आजोबांनीच निवडल्या: काचेच्या, रुंद तोंडाच्या, ब्रश तळापर्यंत जाईल अशा. चाळीस वर्षे लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर काढलेल्या या माणसाला तपासणीशिवाय काहीही पुढे गेलेले खपत नसे. दूध भरले की पहिला थेंब त्यांच्या मनगटावर पडे, आणि त्यांनी ‘कोमट’ म्हटल्यावरच बाटली पाळण्याकडे जाई.

“बाबा, बाटलीचा हाताला चटका बसतोय,” सून म्हणाली. “कालपासून बाळ पहिल्या घोटालाच किंचाळतंय.”

“काच बाहेरून तापतेच, सूनबाई. आतलं दूध कोमट आहे. जन्मभर भट्टी सांभाळली, मला काय वाटीभर दूध कळणार नाही? जा, रडतंय बघ, भूक लागलीय त्याला.”

सून बाटली घेऊन आत गेली. आजींनी मात्र त्यांचा हात धरला. “अहो, मनगटावर हे लाल चट्टे कसले? भाजलंय की हे!”

आजोबांनी चष्मा लावला आणि एका चट्ट्यावर नख रुतवून पाहिले.



“दाबलं तरी काहीच कळत नाही गं,” ते पुटपुटले, आणि आतल्या खोलीत बाळाचे रडणे थांबले, कारण बाटली त्याच्या तोंडात गेली होती.