तालमीतला नवरा

चहावरची साय कपाच्या कडेला सुरकुतली होती. दिगंबरने ती चमच्याने काढली आणि कप मृदुलापुढे सरकवला. "घ्या ताई. तुमचं कोण आहे इथे?"

गाठीबरोबर दिगंबरच्या मेंदूचा जो भाग जाणार होता, तो डॉक्टरांनी यंत्राने थोडा वेळ झोपवला होता. शस्त्रक्रियेनंतर उरणारा नवरा तिला आजच भेटत होता.

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं.

"अगं, भूत पाहिल्यासारखी काय बघतेस? मघाशी मी ओळखलं ना तुला?" दिगंबरने विचारलं.

"ओळखलंत की."

गाठ राहिली, तर तो दिवाळी पाहणार नव्हता. ती काढायची का, हा निर्णय त्याने तिच्यावर सोपवला होता. ती आठवडाभर टाळत होती. तिने कपाकडे पाहिलं. तिला साय चालत नाही, हे त्या परक्या माणसाला कुणी सांगितलं होतं?

"डॉक्टर," ती कशीबशी म्हणाली, "गाठ पूर्ण काढा."